बिघडली तर किती दिवस?

सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेतोय असं पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, "कुठलं मॉडेल?" जळगावात सांगितलं की विचारतात, "दुरुस्त कोण करंल?" पहिला प्रश्न उत्साहाचा, दुसरा शहाणपणाचा. आजचा लेख दुसऱ्या प्रश्नावर आहे.

निमित्त माझा मावसभाऊ. हा जळगावला असतो, वहिनीची नोकरी धुळ्याला. म्हणजे दर शनिवारी याची धुळ्याची वारी ठरलेली. पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. तर या माणसाला धुळ्यात एक सॅन स्टॉर्म विकाऊ असल्याचा पत्ता लागला आणि त्याची झोप उडाली.

तिशीच्या आतल्या मंडळींसाठी थोडा इतिहास. सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली, दोन दारांची, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. आली १९९८ मध्ये. बॉडी फायबरची आणि इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी! पण गाडी हलकी, बुटकी आणि दिसायला अशी की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काच नसलेल्या खिडकीतून अर्धा बाहेर येतो. उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली. रस्त्यावर क्वचितच दिसते.

"तू इंजिनियर ना, चल बघायला," असा फोन आला. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बॉनेटखालचा नाही, हे नातेवाइकांना आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. असो. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊला आम्ही धुळ्यात हजर. सोबत भावाचा नेहमीचा मिस्त्री.

मिस्त्रीने सगळ्यात आधी काय केलं? बॉनेटवर तळहात ठेवला. गरम! बाहेर स्वेटरची थंडी, आणि उभ्या गाडीचं बॉनेट गरम. आम्ही येण्याआधीच मालकाने इंजिन तापवून ठेवलं होतं. थंड इंजिन सुरू होताना जे खोकतं, धूर सोडतं, खडखडतं, ते तापल्यावर लपतं. मिस्त्री काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "जेवून येऊ." आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी हाणली, थोडं हिंडलो आणि चार तासांनी परत गेलो. थंड गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली, निळसर धूर थोडा आला आणि गेला. वाईट नाही. पण आता निदान खरं तेच बघत होतो.

मीटरवर किलोमीटर होते फक्त एकतीस हजार. मालक हे अभिमानाने सांगत होता. विशीपार गाडीच्या बाबतीत मात्र कमी रनिंग ही नुसती कौतुकाची गोष्ट नाही. लोखंड चालून झिजतं, रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. होज पाइप, सील, टायमिंग बेल्ट यांचं वय वर्षांत मोजायचं असतं. टायरचं वय तर टायरवरच छापलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. ३५१२ म्हणजे २०१२ चा पस्तिसावा आठवडा. या गाडीवर नेमकं तेच होतं. नक्षी अगदी नव्यासारखी, रबर मात्र लाकडासारखं.

मग मिस्त्रीने कमरेवर हात ठेवून, गाडीकडे प्रेमाने बघत तो प्रश्न विचारला. "गाडी मस्त शे भो, पन हिना सामान कोठे भेटी?"

आमच्या धंद्यात याच प्रश्नाला भारी नाव आहे. सर्व्हर सांभाळणारे लोक दोन आकडे बघतात. एक, दोन बिघाडांच्या मध्ये सरासरी किती काळ जातो, म्हणजे एमटीबीएफ. दुसरा, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो, म्हणजे एमटीटीआर. गाडी घेताना आपण सगळे पहिल्याच आकड्याच्या मागे लागतो.

गणित करून बघा. एक गाडी वर्षातून दोनदा बिघडते, पण दर वेळी एका दिवसात दुरुस्त होते. वर्षातले ३६३ दिवस ती हजर, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त. दुसरी इतकी गुणी की दोन वर्षांत एकदाच बिघडते, पण पार्ट यायला चार महिने लागतात. ७३० पैकी १२० दिवस घरी उभी. हजेरी जेमतेम ८४ टक्के. पहिली गाडी दुसरीपेक्षा चौपट वेळा बिघडली, तरी भरवशाची तीच. खान्देशातल्या काळीपिवळी जीप याच हिशेबावर चालत आल्या. बिघडायच्या नाहीत असं नाही, पण दर मोठ्या गावात त्यांचा मिस्त्री आणि त्यांचं सामान असायचं.

म्हणून आम्ही गाडीची नव्हे, सामानाची यादी करायला बसलो. इंजिनाची बाजू बरी निघाली. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये धावलं. बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट बाहेरून मागवता येतात. वेळ लागेल, पण मिळतील. फायबरला गंज नाही. मात्र नेहमीचा डेंटर ते ठोकून सरळ करू शकत नाही, तडा गेला तर फायबरचं काम जाणणाराच लागतो. आणि पुढची काच? महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला की संपलं. ती काच दुसऱ्या कुठल्या गाडीची नाही. यादीत तिच्यापुढे भावाने काहीच लिहिलं नाही, नुसता पेन धरून बसला.

आणखी एक. डिसेंबरात गाडी घेताना मे महिना आठवायचा असतो. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात पारोळ्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की रेडिएटर आणि त्याचा पंखा यांची खरी परीक्षा. थंडीत पास झालेली गाडी अर्धीच पास झालेली असते.

कागदांचा भरवसा हा वेगळाच विषय. महाराष्ट्राच्या स्पोर्ट्स कारची, डीसी अवंतीची गोष्ट आठवत असेल. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये हिने गर्दी खेचली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिचे निर्माते दिलीप छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीवर एकाहून जास्त नोंदण्या आणि कर्जं, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, पण धडा घ्यायला निकालाची वाट बघावी लागत नाही. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. कर्ज होतं का, आणि फेडलं असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवलाय का, ते बघा. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती झाली आहे का हेही बघा. आमच्या गाडीचे कागद सुदैवाने चोख निघाले.

आता खरा पेच. ही घेतली तर भाऊ आपली जुनी हॅचबॅक विकणार होता. त्याचे आईबाबा पारोळ्याजवळच्या गावात, दोघंही सत्तरीपुढचे. रात्री दोनला फोन आला तर गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवी, आणि त्यात दोघं मागे बसायला हवेत. स्टॉर्मला मागची सीटच नाही! वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "घे, पण ती विकू नको." अख्ख्या दिवसात कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. आमच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात.

शेवटी ठरलं ते असं. जुनी हॅचबॅक राहणार. बजेटचा एक तृतीयांश भाग गाडीला हात लावायच्या आधीच बाजूला, चार टायर, बेल्ट, होज आणि रेडिएटरसाठी. उरलेल्या पैशात मालक देत असेल तर घ्यायची, नाहीतर नमस्कार. मालकाने आठ दिवस ताणलं आणि दिली.

सध्या शनिवारी हवा बरी असली तर स्टॉर्म धुळ्याला जाते, ट्रकपासून लांब राखून. मे महिन्यात भावाने तिला कव्हर घालून ठेवलं आणि हॅचबॅकचा एसी लावून गेला. पुढच्या काचेचा पत्ता तो अजून शोधतोय. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. :-)