पाच पावसाळे

“मी तुझ्यापेक्षा अधिक पावसाळे पाहिले आहेत!” हे वाक्य वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी केव्हा येते? जवळचा युक्तिवाद संपला म्हणजे! गेल्या महिन्यात माझ्या भाच्याशी बोलताना ते माझ्या तोंडून गेले, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात ओशाळलो आहे.

भाचा मृदाशास्त्राचा विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधन-छात्रवृत्ती मिळाली, तेव्हा बहिणीने पेढे वाटले. 2023 पासून ठरलेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढची तीन वर्षे 42,000! साहित्याच्या प्राध्यापकाला ती पाच वर्षे म्हणजे केवळ चैन वाटली. परंतु उतारावरच्या कोरडवाहू रानातून पावसाबरोबर किती माती वाहून जाते, हा त्याचा विषय. त्यामुळे त्याच्या हिशेबात वर्षे नव्हती, पावसाळे होते. पहिला पावसाळा नावनोंदणीत गेला. दुसऱ्या वर्षी छात्रवृत्तीचे पैसे सहा महिने थकले आणि मोजणीची साधने घेता आली नाहीत. खोलीचे भाडे मी दिले. पाऊस उसना देणे मात्र माझ्या हाती नव्हते. आता उरले तीन. त्यांतला एखादा कोरडा गेला तर?

म्हणून मी त्याला शहाणपण शिकविले, “कुंड्यांत प्रयोग कर, पदवी वेळेवर पदरात पडेल.”

“मामा, कुंडीतली माती वाहून कुठे जाते?”

यावर मी ते वाक्य उच्चारले. तो हसून म्हणाला, “तुम्ही पावसाळे पाहिलेत; मला ते मोजायचे आहेत.”

इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 साली गव्हाचा एक प्रयोग सुरू झाला. कोठे शेणखत, कोठे रासायनिक खते आणि एका पट्ट्याला काहीच नाही, एवढाच त्याचा थाट. आरंभ करणारे लॉज 1900 साली आणि गिल्बर्ट 1901 साली निवर्तले. प्रयोग अजून चालू आहे. माती उत्तर देते, पण आपल्या सवडीने. कचेरीचे वर्ष मार्चअखेर संपते. शेताचे मृगात उजाडते. या दोन पंचांगांचा मेळ घालता घालता कोवळ्या वयाच्या किती अभ्यासकांनी निमूटपणे कुंड्या पत्करल्या असतील!

भाच्याने त्या पत्करल्या नाहीत. पदवी लांबेल, कदाचित वृत्तीही संपेल, हे जाणून त्याने वडिलांच्याच रानात वाफे आखले आहेत. माझ्या सुट्टीपुरते पर्जन्यमापकाचे काम त्याने माझ्याकडे सोपविले. काल सकाळी वहीत पहिला आकडा लिहिला: 4 मिलिमीटर. पन्नासांहून अधिक पावसाळे पाहिलेल्या माणसाने केलेली ही पहिलीच नोंद!