करीचा डाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, परतवाड्यात, खरं तर अख्ख्या वऱ्हाडातच, तीन पत्तीचे डाव बसतात. नवखा गडी फसतो तो चालीत, म्हणजे पैसे लावण्यात.

५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत जोडी किंवा तिच्याहून भारी काहीच नसतं. म्हणजे बहुतेक हात टाकायचेच! शिवाय पत्ते पाहिलेल्याला न पाहता खेळणाऱ्या ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. तरी नवखा राणी-दश्शी-चव्वी धरून, आधी टाकलेले पैसे वसूल करायला रेटत राहतो. मधे पडलेला पैसा आता आपला नाही, हे त्याला कुणीतरी जीव तोडून सांगायला हवं. पोकरमध्येही तेच: मोजके हात खेळायचे, जोर असला की चाल वाढवायची.

शिकायला पैशांऐवजी चिंचोके पुरतात. सार्वजनिक जुगार १८८७च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन पोकरवरही बंदी आली.