डाव्या हाताची परंपरा

‘परंपरा’ हा शब्द साहित्याच्या वर्गात आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की तिला शरीरही असते, याचा विसर पडतो. जॅझ ड्रमवादकांतला काड्या कशा धराव्यात हा जुना वाद मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो.

‘पारंपरिक’ पकडीत उजवा तळवा खाली वळलेला असतो, डावा वर उघडलेला. डावी काडी अंगठ्याच्या बेचक्यात टेकते आणि मनगट किल्ली फिरवावी तसे फिरते. ‘समान’ पकडीत दोन्ही तळवे खालीच. या विषमतेचे मूळ लष्करी संचलनात आहे. पट्ट्याने अंगावर अडकवलेला ड्रम चालताना एका बाजूला कलतो. त्याच्या उंच कडेवरून डावा हात न्यायचा तर कोपर अवघडते, म्हणून तळवा उलटला. पुढे ड्रम स्टँडवर स्थिरावला, कारण संपले, पकड मात्र उरली. जाते गेले तरी ओवी उरली, तसेच हे.

बडी रिच पारंपरिक पकडीनेच वाजवत आले. १९६४ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर बीटल्सचा रिंगो स्टार समान पकडीने वाजवताना दिसला आणि असंख्य तरुणांनी ती उचलली. बिली कोभम यांनीही तीच पत्करली. टोनी विल्यम्स यांच्या हाती दोन्ही दिसतात. बेळगावात जन्मलेल्या गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तर तबल्याचे संस्कार घेऊन ड्रमसेटसमोरचे स्टूलच दूर केले. अर्धवट गुडघ्यांवर बसून ते वाजवतात. यांतला प्रत्येक जण निवड करतो आहे.

आमच्या यवतमाळकडचे डफडेही असेच अंगावर अडकवतात आणि त्याचेही दोन हात समान नाहीत. उजव्या हातात जाड, आखूड काडी, डाव्यात बारीक, लवचीक. डावा हात कड सांभाळतो आणि त्याच वेळी बोटांनी ती काडी नाचवतो. कौशल्य तेवढेच, इतिहास मात्र वेगळा. हे वाद्य गावकीचे काम म्हणून मुख्यतः मातंग समाजाच्या गळ्यात पडले. वाजवणे ही कला होती, पण नकार देण्याची सोय नव्हती.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, समान पकडीने. त्याचे आजोबा डफडे वाजवीत. स्नेहसंमेलनात ‘आपली लोककला’ म्हणून त्याने डफडे वाजवावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, डफडं येते मले. पण कोणी वाजव म्हटलं का हात उठत नाही.’’

लोककला जपण्याविषयीच्या आपल्या परिसंवादांत या वाक्याला सहसा जागा नसते. वाद्य लोपते याचे दुःख खरे आहे. त्या डाव्या हातातले ज्ञान कुठल्याही ग्रंथात उतरलेले नाही, तो हात थांबला की ते संपेल. परंतु ते जपण्याची जबाबदारी पुन्हा त्याच गळ्यात अडकवणे, याला संवर्धन म्हणता येणार नाही. उद्या तो मुलगा स्वतःहून डफडे उचलेल किंवा उचलणार नाही. दोन्ही निर्णय त्याचे असतील, तेव्हाच त्या वाद्याला परंपरा म्हणण्याचा अधिकार आपल्याला येईल.

कोणती पकड बरोबर, हा प्रश्न नंतरचा. वाद्य गळ्यातून उतरवून ठेवता येत होते का, हा आधीचा.