देव घडवताना

कल्पित जग रचायला बसलेला नवा लेखक बहुधा आधी देवांचा तक्ता मांडतो. पावसाचा एक, युद्धाचा एक, मरणाचा एक, प्रेमाची देवी. प्रत्येकाचं आयुध, वाहन, आवडता रंग. कथा सुरू झाली की त्यातला एकही देव कोणाच्या ताटापर्यंत किंवा अंथरुणापर्यंत पोचत नाही; राजपुरोहिताच्या भाषणात तेवढं त्याचं नाव येतं. मला वाटतं, क्रम उलटा हवा. त्या गावातली बाई पहाटे उठून आधी कशाला हात लावते, कशाला चुकूनही लावत नाही, घरात कोणी गेलं की कोणाला बोलावणं धाडतात, त्याच्या पदरात काय घालावं लागतं, हे आधी ठरावं. देवाचं नाव सगळ्यात शेवटी सुचलं तरी चालतं.

*

लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकानं 1905 मध्ये 'द गॉड्स ऑफ पेगाना' हे छोटंसं पुस्तक पदरचे पैसे घालून छापून घेतलं. अख्खं देवकुळ त्यानं मनानं रचलं. त्यातला आदिदेव माना-यूद-सुशाई बाकीचे देव निर्माण करून झोपी गेला आहे आणि स्कार्ल नावाचा वादक त्याच्यापुढे अखंड ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला की आदिदेव जागा होणार आणि देवांसकट सगळी जगं संपणार.

कल्पना भव्य आहे, पण मी त्या पुस्तकाकडे परत जाते ती त्यातल्या घरदेवांसाठी. मांजराला गोंजारणारा एक, कुत्र्याला शांत करणारा एक, निखाऱ्यांचा एक, धुळीचा एक. आणि जाबिम, मोडक्या वस्तूंचा स्वामी. तो घरामागे बसतो आणि टाकून दिलेल्या वस्तूंसाठी शोक करतो. डनसेनीनं त्याच्यावर मोजक्याच ओळी खर्च केल्या आहेत. तेवढ्यावर एक धर्म उभा राहील. त्याच्या गावात फुटकं मडकं टाकताना बायका काहीतरी पुटपुटत असतील. घरामागचा कोपरा कोणी झाडत नसेल. आणि सासरहून परत पाठवलेली मुलगी रात्री नेमकी तिथेच जाऊन बसत असेल.

*

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 चा. त्याच्या 'डीइटीज अँड डेमिगॉड्स' या 1980 च्या पुस्तकात जगभरच्या देवांना आकडे दिले आहेत: कोण किती घाव सोसेल, कोणाचं चिलखत किती भक्कम. इंद्र आणि कालीही त्यात आहेत. खेळायचं तर आकडे लागणार, ते समजण्यासारखं आहे. पण जो देव किती घावांत पडेल हे ठाऊक आहे, त्याच्यापुढे कोणी नवस बोलत नाही. कथा लिहिताना हे आकडे डोक्यातून पुसून टाकावेत.

*

या विषयावर एकच पुस्तक सांग असं कोणी म्हटलं तर मी अर्सुला ली ग्विन यांचं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (1971) सांगते.

वाळवंटात एक प्राचीन देवस्थान आहे. तिथल्या शक्तींना नावं नाहीत, मूर्ती नाहीत. मुख्य पुजारीण मेली की त्या रात्री जन्मलेली मुलगी शोधून आणतात. तीच पुन्हा जन्मली असं मानतात. टेनार अशीच लहानपणी आईपासून तोडून आणलेली. विधी करून तिचं नाव काढून घेतात आणि ती अर्हा होते, जिला गिळलं गेलं आहे ती. देवस्थानाखाली भुयारं आहेत आणि तिथे उजेड न्यायला सक्त मनाई. अर्हा ती भुयारं बोटांनी शिकते. भिंतीला हात लावून चालायचं, वाटा मोजायच्या, वळणं पाठ करायची. वाचताना आपलेही हात भिंत चाचपू लागतात.

मग एक परका जादूगार चोरून आत शिरतो आणि त्याच्या काठीच्या टोकाला उजेड असतो. त्या उजेडात अर्हाला पहिल्यांदाच ते दालन दिसतं: छताला, भिंतींना स्फटिक लखलखताहेत. ज्या जागेची ती सर्वाधिकारी, ती जागा सुंदर आहे हे तिला देवस्थान बाटवणाऱ्या माणसामुळे कळतं. धर्म माणसाला काय देतो आणि त्याच्यापासून काय लपवतो, यावर मी वाचलेलं हे सर्वांत प्रामाणिक पान आहे. पुढे तोच माणूस तिला सांगतो की त्या शक्ती खऱ्या आहेत, पण पूजा करावी अशा नाहीत. नवखा लेखक इथे देव खोटे ठरवून मोकळा झाला असता.

आणखी एक बारकावा. त्याच देवस्थानात देवराजाचं देऊळही आहे, म्हणजे सध्या गादीवर असलेल्या राजाचं. ते नीट राखलेलं. अनाम शक्तींच्या जुन्या सभागृहाची मात्र पडझड झालेली. तिथे फारसं कोणी फिरकत नाही. दोन इमारतींच्या अवस्थेतून सगळं राजकारण कळतं. ली ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते. माणसं काय मानतात हे त्यांच्या रोजच्या वागण्यात शोधायचं, ही नजर त्या घरात होतीच.

*

मी लिहिते आहे त्या जगात खाडीकाठी मिठागरांचं एक गाव आहे. तिथे पाऊस वैरी. शेतकरी ज्या ढगाकडे डोळे लावून बसतो, तोच ढग इथे वाफ्यातलं मीठ विरघळवून नेतो. मी त्या गावाला वेगळा देव दिलेला नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा जो पाऊसदेव तोच यांचा. ते त्याला ये म्हणतात, हे जा म्हणतात. मोठा सण तो निघून जातो त्या दिवशी. मीठ पिकण्याच्या दिवसांत त्याचं नाव वाफ्यावर उच्चारायचं नाही, हाक मारली असं त्याला वाटेल म्हणून.

वरच्या गावातली मुलगी या गावात लग्न होऊन आली. वाफ्यात दाताळं ओढता ओढता ती नकळत माहेरचं गाणं गुणगुणते आणि ते पावसाला बोलावण्याचं गाणं आहे. शेजारच्या वाफ्यावरची सासू हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघते.

हे सुचल्यावर कथा आपोआप पुढे गेली. तोवर त्या देवाला ना रूप होतं, ना वाहन.

*

अमेरिकेतल्या ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1966 पासून 'ग्लोरँथा' हे जग रचायला घेतलं आणि 2018 मध्ये ते वारले तोवर त्यात भर घालत राहिले. तिथे वादळाचा देव ओरलांथ सूर्यसम्राट येल्मला ठार मारतो. डोंगरी टोळ्यांच्या लेखी येल्म जुलमी होता. सूर्यपूजक साम्राज्याच्या लेखी ओरलांथ बंडखोर आणि राजाचा खुनी. घटना एक, पुराणं दोन, आणि स्टॅफर्ड कोणाच्याच बाजूनं निकाल देत नाहीत. कल्पित धर्माला खोली येते ती अशी. एकच अधिकृत पुराण असलेलं जग मला निर्जीव वाटतं.

*

देव बोलतो कसा? कल्पित कथांत तो स्वप्नात येतो, आकाशवाणी करतो. कोकणात आणि गोव्यात कौल लावतात तो प्रकार लेखकानं जवळून बघावा. देवाच्या अंगावर ठरल्या जागी ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवासमोर माणसाची अडचण मोठ्यानं, गावाच्या बोलीत मांडतो. मग सगळे उभे राहून बघत राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी बराच वेळ कोणतीच पडत नाही. गुरव पुन्हा विनवतो, प्रश्न बदलून विचारतो, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणतो. जमिनीचा वाद, लग्नाची सोयरीक, गावातली जत्रा, सगळं त्या एका कळीवर थांबलेलं असतं.

यात चमत्कार काहीच नाही. तरी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते विजा-गडगडाटाच्या दहा पानांतून उतरणार नाही.

*

पंढरपुरात रखुमाईचं देऊळ विठ्ठलाच्या देवळाहून वेगळं आहे. ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली, ही त्यामागची कथा. नवरा-बायकोचं भांडण दगडात बांधून ठेवलेलं. पूर्वी विठ्ठलाची पूजाअर्चा बडव्यांकडे होती, रखुमाईची उत्पातांकडे. त्यांच्या पिढीजात हक्कांचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. आणि चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर. ज्यांना आत घेत नव्हते त्यांच्यासाठी देऊळ उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले.

कल्पित धर्मांत मला हे फार क्वचित सापडतं. दक्षिणा कोणाच्या खिशात जाते आणि उंबऱ्याबाहेर कोणाला उभं राहावं लागतं, हे ठरवल्याशिवाय देवळाचा कळस रंगवू नये. बाहेर उभा असलेला माणूसच पुष्कळदा त्या देवावर सगळ्यात सुंदर अभंग रचतो, हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे.

*

लुइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या 'द कर्स ऑफ चॅलियन' (2001) मध्ये पाच देव आहेत: पिता, माता, पुत्र, कन्या आणि पाचवा अनौरस. अवेळी आलेलं, कुठेच न बसणारं, नकोसं झालेलं सगळं त्या पाचव्याच्या पदरात. शेजारच्या देशात चारच देव मानतात आणि पाचव्याला सैतान म्हणतात. एका देवाच्या फरकावर दोन देशांचं हाडवैर.

पाच देव मानणाऱ्यांच्या अंत्यविधीत पाचही देवांची जनावरं प्रेताजवळ आणतात. ज्या देवानं आत्मा पदरात घेतला त्याचं जनावर खूण करतं. घरच्यांचा जीव त्या क्षणात अडकलेला असतो. शिवाय हे देव माणसाच्या संमतीवाचून जगात काहीही करू शकत नाहीत. माणसानं स्वतःला वाट करून दिली तरच ते येतात. सर्वशक्तिमान देव कथेत आला की कथा संपते, ही अडचण बुजोल्ड यांनी इतक्या सरळ सोडवली आहे की मी दुसरा उपाय शोधायचं सोडून दिलं.

*

टेरी प्रॅचेट, 'स्मॉल गॉड्स', 1992. महान देव ओम पृथ्वीवर अवतरतो आणि बघतो तर आपण कासव झालो आहोत. त्याच्या नावानं प्रचंड धर्मसंस्था चालते, छळाची तळघरं आहेत, सैन्य आहे. पण त्याच्यावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस उरलाय एकच, ब्रूथा नावाचा साधा शिकाऊ साधू. बाकीचे भितात ते संस्थेला. पुस्तक हसवतं, पण धर्मसंस्था आणि श्रद्धा यांची अशी फारकत मला गंभीर ग्रंथांतही कमी दिसली.

*

टोल्किन यांचे देव 'द सिल्मरिलियन'मध्ये (1977, त्यांच्या मृत्यूनंतर) संगीतातून जग निर्माण करतात, पण 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देवळं नाहीत, पुजारी नाहीत. त्यातल्या फारामीर या सेनानीची माणसं जेवायच्या आधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभी राहतात, तेवढंच. मला तेवढं पुरतं.

*

गोव्यात 1560 मध्ये मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला नेलं. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जात होती, म्हणून माणसांनी देव उचलले आणि नदीपार नेले. कल्पित जगांच्या नकाशांत देव शतकानुशतकं एकाच टेकडीवर बसलेले असतात. परागंदा देव, त्याची मागे राहिलेली रिकामी जागा, नव्या गावानं त्याला दिलेली जमीन, आणि वर्षातून एकदा कुलदैवताला म्हणून लांबून येणारी घरं: एवढ्यावर मोठी कादंबरी होईल.

*

रचलेला धर्म कागदावरच राहील असं मानू नये. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1961 च्या 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' कादंबरीतल्या पंथावरून अमेरिकेत खराखुरा पंथ निघाला आणि 1968 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 3 लाख 90 हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'स्टार वॉर्स' चित्रपटांतलं 'जेडाय' हे नाव लिहिलं. त्यांतल्या पुष्कळांनी गंमत केली असेल. पण काहींना त्या चित्रपटांत खरोखर आधार सापडला आणि त्या माणसांकडे मी आदरानं बघते. आपण लिहिलेली प्रार्थना कोणीतरी दुःखात म्हणून बघेल, इतकी ती नीट लिहावी.

*

मराठीत कल्पित जगं लिहू लागलेल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. ग्रीक आणि नॉर्स देवांचे साचे बाजूला ठेवा. दा. ध. कोसंबींचं 'मिथ अँड रिअॅलिटी', रा. चिं. ढेरे यांचं 'श्री विठ्ठल : एक महासमन्वय', गुंथर सोन्थायमर यांचं धनगरांच्या दैवतांवरचं काम वाचा. देव रस्त्यांच्या फाट्यांवर, गुरांच्या वाटांवर, वारुळांत कसे उभे राहतात, एका देवाची दोन लग्नं दोन जमातींना कशी जोडतात, हे तिथे शिकायला मिळतं. खंडोबाची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची का, याचा विचार करा. मात्र खंडोबाला नाव बदलून तुमच्या कथेत आणू नका. त्याच्या नावानं भंडारा उधळणारी माणसं आज आहेत आणि तो त्यांचा आहे. त्याच्याकडून रीत शिका आणि देव तुमचा स्वतःचा घडवा.