फॉरमॅट मारायला लागतंय

लेकीच्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं आणि तापलेल्या धुळीचा करपट वास आला. तिचा गेम रंगात आला की हँग व्हायचा. चित्र थिजायचं, आवाज तेवढा एकाच सुरात घरघरत राहायचा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, सेटिंग खाली आणलं, ब्राउझर बंद केला, फरक शून्य. शेवटी तापमान बघितलं, तर प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे. इतकं तापलं की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. बाईसाहेब गोधडीवर लॅपटॉप ठेवून खेळणार, म्हणजे हवा घ्यायची भोकं बंद. आणि पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर.

वास मात्र सांगलीचा होता, मामाच्या ऑफिसातला. मामा करसल्लागार. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. एसी मामाच्या टेबलाला नव्हता, कॉम्प्युटरला होता, आणि तोही कामाच्या वेळेपुरता. मे महिन्यात दुपारी आम्ही भावंडं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावायचो तेव्हा एसी बंद. चौथ्या पातळीवर वाटेत आरसा आडवा येतो. लांबून पळत येऊन त्यात उडी मारायची, की राजपुत्र इकडून आत आणि त्याची सावली तिकडून बाहेर. माझी पाळी होती, उडी मारली आणि मशीन अडकलं. राजपुत्र अर्धा काचेत, अर्धा बाहेर. मामेभाऊ ओरडत होता, ‘बटणं दाबू नकोस गं!’ मी दाबतच होते.

ती सावली निव्वळ अडचणीतून जन्मली, हे पुष्कळ नंतर वाचलं. जॉर्डन मेकनरनं हा गेम ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला, १९८९ साली तो आला. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला-उड्या मारायला लावलं, चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. मेमरी होती तुटपुंजी. दुसरं पात्र मावेना. मग राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून त्यांच्यावरच चढवली, आणि वैरी तयार झाला. बाराव्या पातळीवर तो भेटतो. त्याला मारलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करायची, एवढाच उपाय.

सांगलीत उपाय करायला माणूस आला. या दुरुस्तीवाल्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. झाकण उघडायचं नाही, फुंकर मारायची नाही, मशीनला हात लावून बघायचं नाही. ‘साहेब, फॉरमॅटच मारायला लागतंय बघा.’ मामा म्हणाला, ‘मारा.’ टॅलीच्या फायली फ्लॉपीवर घेतल्या होत्या, अशिलांचं एक अक्षर गेलं नाही. गेलं ते मामाचं दोन अंकी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्री बसून श्रीलिपीत टाइप केलेलं, कुणालाही न दाखवलेलं. ते होतं हेच आम्हाला ते गेल्यावर कळलं. मामी म्हणाली, ‘पुन्हा लिहा की.’ त्यानं लिहिलं नाही. पुढं गेमही कधी लावू दिला नाही, आणि मशीन दुपारी अडकायचं ते अडकतच राहिलं, कारण फॉरमॅट मारून धूळ जात नाही.

मेकनरचा मूळ प्रोग्रॅमही हरवलाच होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. गेमचं संगीत याच वडिलांचं. जाणकारांनी फ्लॉप्या वाचल्या आणि मेकनरनं तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. मला त्या बापाचा हेवा वाटतो. मामाकडे असा खोका नव्हता. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

लेकीचा लॅपटॉप ब्रशनं साफ केला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसून नवी लावली. गेम चालतो. तिनं विचारलं, नाटक कशावर होतं? मामीला फोन केला. तिलाही ठाऊक नाही.

तुमच्याकडे कुणी फॉरमॅट मारायला आलं, तर त्याला आधी चहा द्या, आणि तो पिईपर्यंत घरातल्या प्रत्येकाला विचारून घ्या, ‘तुझं काही आहे का रे यात?’