दारचा आंबा आणि माझे पेव्हर ब्लॉक

आजचा लेख थोडा कबुलीजबाबासारखा आहे. लिहायचं दुसऱ्याच विषयावर होतं, पण शुक्रवारी रात्री शिरूरला घरी गेलो आणि तो विषय राहिला.

शिरूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूर आणि रांजणगावचा गणपती असं सगळं पार केलं की घोड नदीच्या काठी लागतं ते गाव. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, रस्त्याला मात्र सगळे अजून नगर रोडच म्हणतात.) जुनी माणसं गावालाही 'घोडनदी' म्हणतात. पाऊस बेताचाच. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे पोचतो तो उरलासुरला.

आमच्या घराच्या अंगणात एक आंबा आहे. रायवळ. हापूस-केशर असलं काही नाही, कोयीपासून आलेला. आजीनं आंबा खाऊन कोय परसात खोचली, ती १९६९-७० च्या सुमारास उगवली. मग आला १९७२ चा दुष्काळ. माणसांनाच पाणी नव्हतं, तिथं रोपट्याला कोण घालणार? आजीनं भांडी घासलेलं पाणी घातलं. आप्पा तेव्हा शाळेत होते. आंघोळ पाटावर बसून करायची आणि खाली ठेवलेल्या परातीतलं पाणी झाडाला न्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. ही गोष्ट आम्ही भावंडांनी लहानपणी इतक्यांदा ऐकलीय, की आप्पांनी 'बहात्तर साली...' म्हटलं की आम्ही पळ काढायचो.

आता कबुलीजबाब.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन शिरूरला आलो. पावसाळ्यात अंगणात हा चिखल! काळी माती, चप्पल रुतायची. आई दोनदा घसरली. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याच्या आत अंगण पक्कं करायचं. आयुष्यात पहिल्यांदाच घरासाठी काही मोठं करणार होतो, त्यामुळे हौसही दांडगी. २०२१ च्या फेब्रुवारीत काम झालं. मुरूम टाकून अंगण दीड फूट उचललं, पाणी मारलं, धुमस मारून दगडासारखं घट्ट केलं, वर कच आणि वर लाल-करडे पेव्हर ब्लॉक. आंब्याभोवती तेवढं दोन-अडीच फुटांचं चौकोनी आळं ठेवलं. मिस्त्री म्हणाला, "झाडाला एवढं रग्गड झालं." मलाही पटलं. फोटो काढून स्टेटसला टाकले, पन्नासएक लाइक्स आले. आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटलं, खूश आहेत.

झाडाला दोन वर्षं काहीही झालं नाही. उलट २०२३ च्या जानेवारीत आंबा असा मोहरला की पानं दिसेनात. आई म्हणाली, "बघ, स्वच्छ अंगण त्यालापण मानवलं." त्रासलेलं झाड कधीकधी असा भरभरून मोहोर काढतं, हे मला नंतर कळलं. त्या वर्षी पावसाळ्यानंतर पश्चिमेकडचे शेंडे वाळायला लागले. आधी काड्या, मग बोटाएवढ्या फांद्या. पानं लहान, पिवळट. दिवाळीला गेलो तेव्हा झाडाच्या डोक्यातून आभाळ दिसत होतं.

आता आपण इंजिनियर लोक काय करतो? सर्व्हर रडायला लागला की लॉग न वाचता आधी रॅम वाढवतो. मी खत द्यायचं ठरवलं. इंटरनेटवर कोकणातल्या हापूसचा तक्ता मिळाला : दहा वर्षांपुढच्या झाडाला दरवर्षी ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे दीड किलो नत्रासाठी तीन किलोच्या वर युरिया. गणित बरोबर होतं. तीन किलो युरिया आणला आणि त्या अडीच फुटांच्या आळ्यात, बुंध्याला खेटून ओतला. वर दोन बादल्या पाणी. पंधरा दिवसांत उरलेल्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या.

तो तक्ता चुकीचा नव्हता बरं का. पण तो धडधाकट, दरवर्षी फळं देणाऱ्या बागेतल्या झाडासाठी होता, आणि त्यातही खत झाडाच्या घेराखाली गोल चर काढून द्यायचं असतं. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

मग डिसेंबरात मामा आला. मामाचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळा ऊस आणि गुऱ्हाळं. न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्यानं तास-सव्वातासात पोचतो. मामानं गाडी लावली, झाडाकडं बघितलं, आणि शेंड्याकडं न बघता थेट खाली उकिडवा बसला.

"आरं, ह्याचा बुंधा कुठंय?"

"हा काय, मामा."

"ह्यो खांब हाय. बुंधा कुठंय?"

मी नीट बघितलं. कुठलंही मोठं झाड जमिनीत शिरताना खाली पसरत जातं, हत्तीच्या पायासारखं. आमचा आंबा लाइटच्या खांबासारखा सरळ ब्लॉकमध्ये घुसलेला होता. तो पसरलेला भाग दीड फूट मुरुमाखाली होता.

"त्याला खायला नको रं. त्याला श्वास पायजे. तू नरड्यापतूर पुरलाय त्याला."

गंमत म्हणजे, त्याच आठवड्यात अगदी हेच मला न्यू जर्सीतल्या मित्रानं सांगितलं. त्याच्या बॅकयार्डात एक जुना ओक आहे, घराच्याही आधीचा. (ओक म्हणजे आपल्याकडे हिमालयात 'बांज' म्हणतात त्याच्या गोतावळ्यातलं झाड. आपल्या बाजूला नाही.) त्याचाही शेंडा वाळत होता आणि तोही खताची पोती आणून बसला होता. तिकडे झाडांचे डॉक्टर असतात. त्या डॉक्टरनं आधी खत बाजूला ठेवायला लावलं. मातीची तपासणी केल्याशिवाय काही घालू नका, बुंध्याजवळची भरावाची माती काढा, गाडी झाडाखाली लावू नका, गवताऐवजी लाकडाचा भुसा पसरा. बिलाचा आकडा मित्रानं डॉलरमध्ये सांगितला, मी रुपयांत मोजला आणि मामाला अजून एक चहा दिला. :)

त्यानंतर मी वाचायला लागलो, या वेळी सगळ्या ओळी. आपल्या डोक्यात झाडाचं चित्र शाळेतल्या पुस्तकातलं असतं, वर जेवढं झाड तेवढंच खाली मूळ. खरं तसं नसतं. आंब्याला खोल जाणारं सोटमूळ असतं, पण पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्याजवळ असतात ती जाड मुळं, ती झाड धरून ठेवतात, खात फारसं काही नाहीत. म्हणजे मी जिथं युरिया ओतला तिथं तोंडच नव्हतं. आणि जिथं तोंड होतं तिथं ब्लॉक.

मुळांना हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ती मिळते. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मला त्या भेगा बघून जमीन मेलीय असं वाटायचं, पण हवा आणि वळवाचं पाणी तिथूनच खाली जात होतं. धुमस मारून मी त्या पोकळ्या मिटवल्या. मुळं गुदमरून कुजतात, आणि मोठं झाड साठवलेल्या अन्नावर दोन-तीन वर्षं ओढत राहतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. वाळायला सुरुवात शेंड्यापासून होते, कारण पाणी पोचवायला सगळ्यात अवघड जागा तीच. अशा झाडाला युरिया दिला तर एक तर मुळं भाजतात, नाही तर ते कोवळी पालवी काढायला बळ घालवतं, जे त्याच्याकडे नसतं.

हे फक्त माझ्याच अंगणात झालंय असंही नाही. पुण्यातले फुटपाथ बघा, बुंध्याच्या सालीपर्यंत काँक्रीट. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला आदेश द्यावा लागला, की झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. एक मीटर! तेवढं तरी.

दरम्यान घरात दुसरी चर्चा सुरू होती. धाकटा भाऊ म्हणत होता, झाड आज ना उद्या पडणार, पत्र्यावर पडण्याआधी काढून टाकू, गाडीलाही जागा होईल. त्याला सांगितलं, शिरूर नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, आपल्याच दारातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांच्या वरची झाडं तर हेरिटेज वृक्ष धरली जातात. तो म्हणाला, "हेरिटेज झाड ब्लॉकखाली पुरायला परवानगी लागत नाही का?" गप्प बसलो.

त्या रात्री मी आप्पांना विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं केलंस. पयल्यांदाच काहीतरी करत होतास घरासाठी. काय बोलायचं?"

मुळं ऐन उन्हात उघडी पडू नयेत म्हणून काम पहिल्या पावसावर ठेवायला मामानं सांगितलं. २०२४ च्या जूनमध्ये मी आठवडाभर रजा टाकली. जेसीबी नको म्हणाला, मुळं तुटतील. पहार, खुरपं आणि दोन गडी. बुंध्यापासून बारा फुटांपर्यंत सगळे ब्लॉक उचलले. खाली जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ब्लॉकच्या लगोलग खाली, त्या इंचभर कचेत, मुळांचं जाळं. हवा शोधत वर आलेली, ब्लॉकच्या सांध्यांच्या रेषा पकडून चौकोनी वाढलेली. खालच्या मुरुमात मात्र काळी, पिचपिचीत मुळं, वास येणारी. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. ते मूळ हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि ठेवून दिलं.

मुरूम चार दिवसांत थोडा थोडा काढला. तिसऱ्या दिवशी बुंध्याचा पसरलेला भाग दिसला. साल ओली, काही ठिकाणी मऊ पडलेली. ती हलक्या हातानं साफ करून कोरडी होऊ दिली. बाहेरच्या बाजूला, फांद्यांच्या घेराखाली, दर दोन-तीन फुटांवर पहारीनं दीड फूट खोल भोकं पाडली आणि त्यात चाळलेलं, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू भरली. खत म्हणून एवढंच. रासायनिक काही नाही.

वाळलेल्या फांद्या कापल्या. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी असते, तिच्या बाहेरून कापायचं, खोडालगत सपाट नाही. ती वळीच जखम भरून काढते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी भांड्यात नाही. झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. हे औषध मूळचं फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं, १८८० च्या दशकातलं. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं मिश्रण मारत, आणि त्याच वेली रोगातून वाचल्या. चोरांच्या कृपेनं लागलेला शोध!

शेवटी दौंडहून मामानं उसाचं पाचट पाठवलं, एक टेम्पो. तिकडे तोडणीनंतर बरेच जण ते पेटवून देतात. आम्ही ते चार-पाच इंच जाड पसरलं, बुंध्यापासून फूटभर मोकळं सोडून, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. आई म्हणाली, "लोकांच्या दारात रांगोळी असते, आपल्या दारात उकिरडा." तिला विंचवाची भीती, आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून दारापर्यंत तीन फुटांची पायवाट ब्लॉकचीच ठेवली, माती दाबून न टाकता, नुसती अंथरून. गाडी आता बाहेर रस्त्यावर उभी असते.

झाड वाचलं का? पश्चिमेकडची एक मोठी फांदी गेलीच, ती २०२५ च्या उन्हाळ्यात काढावी लागली. त्या बाजूनं आंबा आता लुळा दिसतो. मोहोर थोडाच आला, लोणच्यापुरत्या कैऱ्या. पण पावसाळ्याआधी जुन्या, जाड फांद्यांवर मधूनच तांबडी पालवी फुटली, जिथं कधी पानं नव्हती तिथं. मामा म्हणतो, अजून दोन पावसाळे जाऊ दे, मग बोल.

पाचटाचा थर आता कुजून निम्मा झालाय. या शनिवारी हात घालून बघितला, खाली माती मऊ, गांडुळं भरपूर. आप्पा रोज सकाळी तिथं काहीतरी उकरत बसलेले असतात. आंघोळीचं पाणी त्यांनी पाइप लावून तिकडे सोडलंय. साबणाचं पाणी नको म्हणून मी काही बोलायला गेलो, तर बहात्तर सालापासून सुरुवात झाली. या वेळी मी पूर्ण ऐकलं.

उरलेले ब्लॉक भिंतीला रचून ठेवलेत. रविवारी सकाळी शेजारचे काका आले, म्हणाले पडूनच आहेत तर आम्हाला द्या, निम्मे पैसे देतो, आमच्याकडे फार चिखल होतो. त्यांच्या दारात मोठा कडुनिंब आहे. मी काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात आप्पाच खुर्चीतून म्हणाले, "न्या की, फुकट न्या. पण झाडापासून दहा फूट लांब टाका."

काकांनी तिथूनच पावलं टाकून मोजलं. दहा फुटांत त्यांचं अंगण संपतं.