जुम्मा दरवाजा, 24 डिसेंबर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर आपला जुना राग रस्त्यावर आणतं. काळी मारबत वाजतगाजत निघते, जुन्या वस्तीतून फिरते आणि शेवटी जाळली जाते. ही मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसल्यांची बाकाबाई, असं जुनी माणसं सांगत आली. कागदपत्रांत बाकाबाईचा खटला इतका सरळ नाही. पण गावानं आपला निकाल देऊन टाकला आणि शंभराहून अधिक वर्षं तो न चुकता अमलात आणला. या स्मरणशक्तीचा मला अभिमान वाटतो. खंत एवढीच, की नमते झाले ते गावाच्या ध्यानात राहिले आणि लढले ते राहिले नाहीत.

ते लढले जुन्या शहराच्या, महालाच्या वेशीवर. आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो तो जुम्मा दरवाजा. त्याच्या कमानीखालून रोज ऑटो, सायकली, भाजीचे ठेले, शाळेची पोरं जातात. बाहेरच्या अंगाला थोड्याच अंतरावर शुक्रवारी तलाव आहे. 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफा त्याच बाजूनं धडाडत होत्या.

सीताबर्डीची लढाई आपल्याला ठाऊक असते. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी तोंड लागलं. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या रक्षणाला कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम दीड हजार शिपाई होते, भोसल्यांची फौज त्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी सीताबर्डीची लहान टेकडी घेतलीसुद्धा. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली रिसाल्यानं खाली मैदानात मुसंडी मारली, टेकडी पुन्हा इंग्रजांकडे गेली आणि बाजी उलटली. पुढे जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला, आणि 16 डिसेंबरला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले. बहुतेकांच्या आठवणीतला इतिहास इथेच संपतो.

महालात तो संपला नव्हता. राजा शत्रूच्या छावणीत होता, तोफा गेल्या होत्या, तरी अरब आणि त्यांच्या जोडीचे हिंदुस्थानी शिपाई शहराच्या तटाआड येऊन उभे राहिले. इंग्रजांनी वेढा घातला, जुम्मा दरवाज्यापाशी तटाला खिंडार पाडलं आणि 24 डिसेंबरला हल्ला चढवला. त्यात रॉयल स्कॉट्सचे गोरे होते, कंपनीचे शिपाई होते. आतल्यांनी तो हल्ला मोडून काढला. खिंडारापर्यंत आलेले मोठी हानी सोसून मागे फिरले. अखेर बोलणी झाली आणि 30 डिसेंबरला अरब बायकामुलं, चीजवस्तू आणि हातची हत्यारं घेऊन शहराबाहेर पडले. त्यांना कुणी हाकलून दिलं नव्हतं. अटी ठरवून ते निघाले होते.

ते भाडोत्री होते, असं कुणी म्हणेल. होतेच. पगारासाठी दूरवरून आलेली माणसं ती. थकलेल्या पगाराचा आणि तटाआडच्या बायकापोरांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पण धनी गेल्यावरही ज्यांनी दरवाजा सोडला नाही, त्यांना परके म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मनभटासारख्या सरदारांचं नाव तरी कुठे कुठे सापडतं. खिंडारात उभ्या राहिलेल्या शिपायांपैकी एकाचंही आपल्या ओठांवर नाही.

समोरच्यांनी मात्र आठवण नीट जपली. 'नागपूर' आणि 'सीताबर्डी' ही दोन्ही नावं त्यांच्या पलटणींच्या रणसन्मानांत मानानं बसली. एका मद्रासी पलटणीची कथा तर मला फार अस्वस्थ करते. 1806 च्या वेल्लोरच्या बंडात सामील झाली म्हणून कंपनीनं तिचा जुना क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीवर रक्त सांडल्यावर तिनं बक्षीस मागितलं ते तेवढंच, आपला जुना क्रमांक. तो मिळाला. म्हणजे टेकडीवरून आपल्यावर बंदुका झाडणारे शिपाईही आपापला गेलेला मान परत मिळवायला लढत होते.

महालानं पुढे बरंच गमावलं. 1854 मध्ये राज्य खालसा झालं. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा भोसल्यांचा वाडा 1864 च्या आगीत गेला, मागे नगारखान्याचं मोठं दार उरलं. सीताबर्डीच्या किल्ल्यावर मात्र 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्टला लोकांची रीघ लागते. तिथे इंग्रज सैनिकांच्या कबरीही आहेत.

महालकरांनो, मारबत जरूर काढा, ती आपली आहे. पण येत्या 24 डिसेंबरला महालातल्या शाळांनी पोरांना घेऊन जुम्मा दरवाज्याशी यावं. इतिहासाच्या सरांनी खिंडाराची गोष्ट तिथेच, उभ्यानं सांगावी, आणि 'हिंदुस्थानी'च्या आधी 'अरब' हा शब्द ठसठशीत उच्चारावा.